जाड, सपाट तारा आणि भरगच्च बेस

ला बेला कंपनीचा ‘ओरिजिनल १९५४’ हा बेस गिटारच्या तारांचा संच बहुतेक वादक एकाच नावाखातर विकत घेतात, आणि ते नाव म्हणजे जेम्स जेमरसन. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या साठच्या दशकातील असंख्य गाण्यांमध्ये बेस वाजवणारे जेमरसन याच कंपनीच्या जाड, सपाट वेटोळ्यांच्या, म्हणजे गाभ्याभोवती सपाट पट्टी गुंडाळलेल्या, तारा वापरत असत. त्यांच्या वादनाच्या जवळ जायचे असेल तर तारांपासून सुरुवात करावी, हा सल्ला बेसवादकांमध्ये आता इतका रुळला आहे की तो सहसा कोणी तपासून पाहत नाही. मी हा संच फेंडर प्रिसिजन धाटणीच्या बेसवर बसवला आणि जुन्या पॉप गाण्यांतील भरगच्च बेसच्या जागा त्यावर वाजवून पाहिल्या. त्यामागे एकच प्रश्न होता: बेसवर इतके स्वर वाजत असूनही ही गाणी गजबजलेली का वाटत नाहीत, आणि त्यात तारांचा वाटा नेमका किती? हा वाटा मोठा आहे, असे माझे मत झाले. मात्र ज्या कारणासाठी लोक हा संच घेतात, ते कारण मला दुय्यम वाटते.

संचात चार तारा असून त्यांची जाडी अनुक्रमे ०.०५२, ०.०७३, ०.०९५ आणि ०.११० इंच आहे. आज सर्वत्र मिळणारा गोल वेटोळ्यांचा नेहमीचा संच ०.०४५, ०.०६५, ०.०८५ आणि ०.१०५ असा असतो. स्वर, स्केल (तारेची वाजणारी लांबी) आणि घडण तीच धरली तर तारेवरील ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्या हिशेबाने सर्वांत खालची ई तार नेहमीपेक्षा सुमारे १० टक्के अधिक ताणलेली असते, मधल्या दोन तारा सुमारे २५ टक्के, तर सर्वांत बारीक जी तार ३३ टक्के. सपाट पट्टीच्या वेटोळ्यांमध्ये पोकळी कमी राहत असल्यामुळे प्रत्यक्षातील फरक याहूनही थोडा मोठा असतो. जाड संच लावला की खर्ज जाड होतो, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. खर्जाच्या तारेत फार फरक पडत नाही. बदलतात त्या तिच्या वरच्या तारा, आणि भरगच्च बेस वाजवणाऱ्याचा बराचसा मुक्काम त्यांतील सर्वांत वरच्या दोन तारांवर असतो.

ही गोष्ट वाजवताना चटकन ध्यानात येते. नेहमीच्या संचावर ई तारेपासून चढत चढत जी तारेच्या सातव्या-नवव्या पडद्यापर्यंत गेले की आवाज हळूहळू बारीक होत जातो आणि शेवटी तो गिटारचा वाटू लागतो. बेसने मध्येच गायकाच्या पट्टीत डोके वर काढल्यासारखे होते. या संचावर तीच चढण वाजवली तर वरचा स्वर खालच्या स्वराइतकाच रुंद राहतो. पट्टी बदलते, वाद्य बदलत नाही. साठच्या दशकातील चांगल्या बेसवादकांनी वरच्या सप्तकात जी मुशाफिरी केली, ती गाण्याचा तळ न सोडता कशी केली, याचा पहिला धागा मला इथे मिळाला.

दुसरा धागा तारेच्या पृष्ठभागाशी निगडित आहे. नेहमीच्या तारेत मधल्या पोलादी गाभ्याभोवती गोल तार गुंडाळलेली असते, त्यामुळे तिला बोटाला जाणवणारे खाचखळगे असतात. सपाट तारेत सर्वांत बाहेरचा थर पट्टीचा असतो आणि ला बेला तो घासून गुळगुळीत करते. बोट सरकताना होणारी करकर यामुळे जवळजवळ नाहीशी होते, हा उघड फायदा. अधिक महत्त्वाचा फायदा असा की अशा तारेतील वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे उंच उपस्वर, लवकर विरतात. ठोका पडतो तेव्हा आवाज भरीव आणि गोल असतो, पण लगेच तो खाली बसतो आणि मागे फारशी झणझण उरत नाही. प्रति मिनिट १०० मात्रांच्या लयीत एक पाव मात्रा ०.१५ सेकंदाची असते. इतक्या अवधीत एक स्वर मांडून, मिटवून दुसऱ्यासाठी जागा मोकळी करायची, तर एरवी वादकाच्या दोन्ही हातांना अखंड काम पडते. लखलखीत गोल तारांवर हे काम थोडे जरी ढिले पडले तर मागचे स्वर पुढच्या स्वरांवर सांडतात. या सपाट तारा निम्मे काम स्वतःच करतात. जुन्या गाण्यांतील बेस दाट असूनही सुसह्य का होतो, याचे माझ्या मते हेच मुख्य कारण आहे: त्यात स्वर पुष्कळ असतात, पण प्रत्येक स्वर वेळेवर संपतो.

त्या काळच्या वाद्यांत आणखी एक गोष्ट होती, जी आजच्या नव्या बेसवर सहसा नसते. फेंडर प्रिसिजनच्या ब्रिजवर, म्हणजे वाद्याच्या अंगावर तारा जिथे टेकतात त्या भागावर, क्रोमचे एक झाकण असे आणि त्या झाकणाखाली तारांना टेकणारा फोमचा तुकडा बसवलेला असे. आजचे वादक झाकण काढूनच टाकतात, किंवा मुळात ते येतच नाही, आणि त्यासोबत तो फोमही गेला. हा संच फोमशिवाय वाजवला तर आवाज गोड आहे, पण जुन्या ध्वनिमुद्रणांच्या मानाने तो अजूनही लांब रेंगाळतो. ब्रिजच्या अगदी जवळ, तारांच्या खाली, फोमची बोटभर रुंदीची पट्टी सरकवली की चित्र पालटते. पट्टी जेमतेम टेकेल इतकीच ठेवावी. ती दाबून बसवली तर स्वराची उंचीच कळेनाशी होते आणि नुसते धप् धप् ऐकू येते. पट्टी किती पुढे किंवा मागे सरकवायची हे गाण्याच्या लयीवर ठरवावे लागते, कारण संथ गाण्यात ज्या जागी ती योग्य वाटते तिथेच जलद गाण्यात ती कमी पडते. ज्यांना हा संच ‘निर्जीव’ वाटतो त्यांनी तो फोमसह आणि पूर्ण वाद्यवृंदासोबत एकदा ऐकावा, असे मी सुचवीन. एकट्याने खोलीत वाजवलेला बेस आणि गाण्यात बसलेला बेस यांची परीक्षा एकाच मापाने करता येत नाही.

आता जेमरसन यांच्याकडे वळणे भाग आहे. डेट्रॉइटमधील २६४८ वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या घरात मोटाउनचा स्टुडिओ ए होता, आणि तिथे त्यांचा बेस बहुतेक वेळा अँप्लिफायरपुढे मायक्रोफोन न ठेवता थेट ध्वनिमुद्रणाच्या कन्सोलमध्ये घेतला जात असे. त्यांच्याकडे १९६२ सालची प्रिसिजन होती. तारा तुटल्याखेरीज ते बदलत नसत आणि पडद्यांपासून तारांची उंचीही आजच्या मानाने बरीच ठेवत. ते मूळचे डबल बेसचे वादक. उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने तार छेडण्याची सवय त्यांनी तिथूनच आणली. मी त्यांच्या ओळी आधी नेहमीप्रमाणे दोन बोटांनी आणि नंतर एका बोटाने वाजवून पाहिल्या. या ताणाच्या तारेवर एका बोटाने वाजवताना प्रत्येक ठोका जरा वरून, जरा वजनाने पडतो आणि दोन ठोक्यांमधील बारीक विषमता लयीला आपोआप झोका देते. दोन बोटांनी वाजवलेली ओळ अधिक सफाईदार झाली आणि तितकीच कंटाळवाणीही.

‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हे मार्विन गे यांचे १९७१ सालचे गाणे या परीक्षेसाठी सर्वांत उपयोगी ठरले. त्यात बेस कुठेही स्वस्थ बसत नाही. कॉर्डचा मूळ स्वर ठामपणे मांडून झाला की उरलेल्या मात्रांमध्ये पंचमाकडे झेप, अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी पुढच्या कॉर्डकडे नेणारे दुवे, मध्येच एखादी मोकळी तार आणि त्यांच्या अधूनमधून केवळ आघात म्हणून मारलेले मुके ठोके, असा सगळा ऐवज त्यात आहे. या मुक्या ठोक्यांसाठी हा संच अप्रतिम आहे. डाव्या हाताची बोटे तारेवर नुसती टेकवून छेडले की गोल तारेवर खरखरीत ‘चक्’ असा आवाज येतो, तर इथे तो हाताने वाजवलेल्या चामड्याच्या वाद्यासारखा खोल आणि स्वच्छ येतो. तो ड्रम्सच्या आणि कोंगाच्या आवाजात मिसळून जातो, म्हणून ऐकणाऱ्याला तो बेसचा जादा स्वर म्हणून मोजावासा वाटत नाही. बेसची अर्धी गजबज अशी तालवाद्यांच्या खात्यात जमा होते. याच गाण्याच्या अल्बमवर मोटाउनने अखेर वादकांची नावे छापली, हेही नोंदवण्यासारखे आहे. तोवर या वादनाचे कौतुक करणाऱ्या अनेकांना ते कोणाचे हेच ठाऊक नव्हते.

मोकळ्या तारांचा मुद्दा थोडा अधिक तपशिलात सांगायला हवा. जेमरसन वरच्या पडद्यांवरून खाली येताना वाटेत एखादी मोकळी तार छेडत आणि त्या क्षणात डावा हात नव्या जागी पोचवत. आधुनिक गोल तारांवर मोकळ्या तारेचा आवाज पडद्यावर दाबलेल्या स्वरापेक्षा इतका उजळ आणि लांब असतो की अशी जागा शिवण उसवल्यासारखी उघडी पडते. म्हणून अनेक शिक्षक मोकळ्या तारा टाळायला सांगतात. फोम लावलेल्या या संचावर मोकळी तार आणि दाबलेली तार यांतील फरक जवळजवळ मिटतो. ज्या हातचलाखीमुळे या ओळी वाजवणे शक्य होत असे, ती हातचलाखी या तारांवरच लपते. हे मला वाचून कळले नसते.

स्टीव्ही वंडर यांचे १९६८ सालचे ‘फॉर वन्स इन माय लाइफ’ आणि फोर टॉप्सचे १९६७ सालचे ‘बर्नडेट’ ही दोन गाणी याच परीक्षेतील अवघड पायऱ्या आहेत. पहिल्यात एका आवर्तनातील नमुना पुढच्या आवर्तनात जवळजवळ कधीच जसाच्या तसा येत नाही. गाणे जसजसे चढते तसतशी बेसची उपज वाढत जाते. दुसऱ्यात लीव्हाय स्टब्स यांचा आवाज आधीच टिपेला असतो आणि तरीही बेस त्यांच्या दोन ओळींमधील प्रत्येक फट भरतो. ही गाणी या संचावर वाजवताना हाताचा कस लागतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ताण इतका असतो की डाव्या हाताची करंगळी लवकर बोलू लागते, आणि पूर्ण गाणे सलग वाजवण्यासाठी पकड हलकी ठेवण्याची सवय नव्याने लावून घ्यावी लागते. वरच्या दोन तारा ओढून स्वर वाकवण्याचा विचार तर सोडूनच द्यावा.

केवळ तारा बदलून हे सारे साध्य होत नाही, कारण त्या काळच्या मांडणीतच बेससाठी जागा राखून ठेवलेली असे. मोटाउनच्या गाण्यांत दोन-तीन गिटार असल्या तरी त्यांतील एक बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आखूड कॉर्ड तोडून गप्प बसते, दुसरी एखादी छोटी आकृती धरून ठेवते, आणि पियानोही मधल्या पट्टीत आटोपशीर असतो. भटकण्याची मोकळीक फक्त बेसला होती. शिवाय ही गाणी छोट्या स्पीकरवर कशी ऐकू येतात याची मोटाउनमध्ये फार काळजी घेतली जाई, कारण श्रोता मोटारीतील रेडिओवर ती ऐकणार होता. बेसच्या मोकळ्या ई तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात आणि असा स्पीकर ती मुळात पुनरुत्पादित करू शकत नाही; कान वरच्या हार्मोनिक्सवरून ती ओळखून घेतो. अशा परिस्थितीत खर्जात लांब, संथ स्वर धरून बसणारा बेस जवळजवळ अदृश्य झाला असता. हलता, वरच्या सप्तकात ये-जा करणारा बेस मात्र त्या छोट्या स्पीकरमधूनही ओळ म्हणून ऐकू येतो. बेसची ही सारी धावपळ केवळ वादकाच्या हौसेची नव्हती, असे मला यावरून वाटते. आज याच ओळी चकचकीत तारांवर, सिंथेसायझरच्या अखंड चादरीवर आणि सलग वाजणाऱ्या गिटारच्या जोडीने सादर केल्या जातात तेव्हा त्या उपऱ्या वाटतात, आणि दोष मात्र ‘फार वाजवणाऱ्या’ बेसवादकाला दिला जातो.

लंडनच्या बाजूला पॉल मॅकार्टनी यांचे उदाहरण अटळ आहे, मात्र इथे या संचाची मर्यादा लागते. मॅकार्टनी यांची हॉफनर ५००/१ ही पोकळ अंगाची आणि ३० इंचांच्या स्केलची. प्रिसिजनचे स्केल ३४ इंचांचे. हॉफनरसारख्या नाजूक वाद्यावर हा जाड संच चढवू नये. त्यासाठी त्याच कंपनीचा वेगळा, पातळ संच मिळतो. तरीही मॅकार्टनी यांच्या काही ओळी मी मुद्दाम या तारांवर वाजवल्या, कारण जेमरसन यांचा प्रभाव त्यांनी स्वतःच अनेकदा मान्य केला आहे. बीटल्सच्या १९६६ सालच्या ‘रेन’मध्ये बेस वरच्या सप्तकात जे काही करतो, ते त्या काळातील ब्रिटिश पॉपमध्ये दुर्मीळ होते. मूळ ताल-साथ जलद वाजवून ध्वनिफीत संथ केल्यामुळे त्या गाण्याला एक जडपणा आहे, आणि त्या जडपणात बेस हीच सर्वांत चपळ गोष्ट आहे. १९६७ सालच्या ‘सार्जंट पेपर’ अल्बममध्ये तर अनेक गाण्यांचा बेस बाकी ध्वनिमुद्रण झाल्यावर शेवटी वेगळ्या ट्रॅकवर घेतला गेला. सगळे गाणे तयार असताना त्यातील रिकाम्या जागा हेरून वाजवलेला बेस गजबजलेला असूनही कुणाच्या पायात येत नाही, यात आश्चर्य नाही. १९६९ सालच्या ‘समथिंग’मध्ये बेस जवळजवळ दुसरी चाल गातो. ती ओळ या संचावर वाजवताना माझे समाधान झाले नाही. तिच्यातील लांबवलेले, गात जाणारे स्वर इथे अकाली विरतात. फोम काढल्यावर थोडे बरे वाटते, पण त्या ओळीला अधिक लवचीक, हलक्या ताणाच्या तारा हव्यात हे निश्चित.

लॉस एंजेलिसमधील स्टुडिओ-वादकांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे बेस मुख्यतः पिकने, म्हणजे बोटांत धरलेल्या छोट्या चपट्या तुकड्याने, वाजत असे. कॅरल के सपाट तारांवर ब्रिजजवळ फेल्टचा तुकडा ठेवून पिकने वाजवत, त्यामुळे त्यांचा ठोका टोकदार असूनही आखूड असे. जो ऑसबॉर्न यांच्या फेंडर जाझ बेसवरही जुन्या सपाट तारा होत्या आणि त्यांचे हत्यारही पिकच. फिफ्थ डायमेन्शनच्या १९६९ सालच्या ‘अक्वेरियस/लेट द सनशाइन इन’च्या उत्तरार्धात ऑसबॉर्न जे वाजवतात, ते ऐकून बेसवादक अजूनही मान डोलावतात: कोरस तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहतो आणि बेस दर वेळी तिच्याखालची जमीन नव्याने आखतो. पिकने वाजवताना ‘ओरिजिनल १९५४’ संच मला किंचित बोथट वाटला. पिक ब्रिजच्या बाजूला नेऊन आणि टोनची कळ थोडी उघडून काम भागते, तरी या शैलीसाठी पातळ सपाट तारा अधिक योग्य ठरतील. जॅक्सन फाइव्हचे ‘आय वॉन्ट यू बॅक’ हेही १९६९ सालचेच, आणि मोटाउनचे असले तरी त्याचा बेस लॉस एंजेलिसमध्ये विल्टन फेल्डर यांनी वाजवला. ते मूळचे सॅक्सोफोनवादक, आणि ती ओळ ऐकताना हे कळल्यावर फारसे नवल वाटत नाही. तिच्यात श्वास घेण्याच्या जागा आहेत. कोरसमधील उतरत जाणारी ओळ या संचावर सुरेख वाजते, कारण उतरताना आवाजाची रुंदी कुठेही तुटत नाही.

ज्यांच्या मनात भरगच्च बेस म्हटल्यावर द हू या बँडचे जॉन एन्टविसल किंवा येस या बँडचे ख्रिस स्क्वायर येतात, त्यांनी या संचाकडे फिरकू नये. त्या दोघांची भाषाच गोल तारांच्या लखलखाटावर उभी आहे. तिथे बेस गिटारशी उघड झुंज घेतो आणि त्याचा प्रत्येक स्वर धारदार दिसावा असाच हेतू असतो. हा रॉकचा मार्ग आहे आणि तो आपल्या जागी थोर आहे. अंगठ्याने तार आपटण्याच्या शैलीसाठीही या तारा निरुपयोगी आहेत.

बसवण्याविषयी काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. ताण वाढल्यामुळे नेक, म्हणजे वाद्याची मान, पुढे झुकते, म्हणून तिच्या आतला दांडा, ट्रस रॉड, घट्ट करावा लागतो, आणि तो एकदम न फिरवता पाव-पाव फेऱ्याने फिरवून मध्ये वाद्याला स्थिरावू द्यावे. ज्यांचा ट्रस रॉड आधीच शेवटच्या टोकाला आला आहे किंवा ज्यांची नेक जुनी आणि बारीक आहे, त्यांनी हा संच लावण्याआधी जाणकाराला वाद्य दाखवावे. नेकच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या नटच्या खाचा नेहमीच्या संचासाठी कापलेल्या असतील तर जाड तारा त्यांत पूर्ण बसत नाहीत. याचा सर्वाधिक त्रास पुन्हा जी तारेलाच होतो, कारण ०.०४५ च्या खाचेत ०.०५२ ची तार वरच अडकते आणि पहिल्या पडद्यावरचा स्वर चढा लागतो. खाचा रुंद करण्याचे काम उलटे फिरवता येत नाही. पुन्हा पातळ तारांकडे यायचे ठरले तर नटही बदलावा लागेल. ज्यांना इतकी बांधिलकी नको आहे त्यांच्यासाठी ला बेलाच्याच ७६०एफएस या संचाची शिफारस मी करीन. तोही सपाट आहे, पण त्याची जाडी ०.०४५ ते ०.१०५, म्हणजे नेहमीच्या गोल संचाइतकीच आहे, त्यामुळे नटला हात लावावा लागत नाही. तारेचे लवकर विरणे, गुळगुळीतपणा, फोमशी जमणारी जोडी हे सारे त्यातही मिळते. हुकते ती वरच्या तारांची रुंदी. मॅकार्टनी, के आणि ऑसबॉर्न यांच्या ओळी वाजवणाऱ्याला मी हाच पातळ संच सुचवीन. ‘ओरिजिनल १९५४’ फक्त त्याने घ्यावा, ज्याला डेट्रॉइटचा आवाज हवा आहे आणि त्यासाठी हातांना श्रम देण्याची तयारी आहे.

नव्या तारा पहिल्यांदा लावल्यावर त्यांच्यात एक अनपेक्षित धातूची चमक असते आणि तेवढ्यावरून निराश होऊन त्या उतरवून टाकणारे वादक मी पाहिले आहेत. नियमित वाजवल्यावर ती चमक हळूहळू ओसरते आणि मगच खरा आवाज हाती येतो, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत मत बनवू नये. गोल तारा काही महिन्यांत मंदावून फेकाव्या लागतात. या मात्र वर्षानुवर्षे चालतात आणि पडद्यांची झीजही कमी करतात, त्यामुळे सुरुवातीला जास्त वाटणारी किंमत पुढे वसूल होते. तार बसवताना तिचे जादा टोक खुंटीजवळ आधी काटकोनात मोडून घ्यावे आणि मगच कापावे, नाहीतर बाहेरची पट्टी गाभ्यावरून सैल होते आणि तार पहिल्याच दिवशी मुकी होऊन बसते.